मांडीतला सार्कोमा: ऑपरेशनच्या आधी केमो घ्यावी की नको?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढते आहे. विषय जड आहे, सांभाळून घ्या.

धाकटा भाऊ, वय ४१, वाळवा तालुक्यात शेती करतो. ऊस आणि थोडी हळद. उजव्या मांडीत मागच्या बाजूला गाठ आली. दुखत नव्हती, त्यामुळे लागणीच्या गडबडीत अंगावर काढली. पँट एका पायात घट्ट व्हायला लागली तेव्हा वहिनीने धरून दवाखान्यात नेलं. तिथले सर्जन म्हणाले, "ही चरबीची गाठ वाटत नाही. मी हात लावणार नाही, आधी एमआरआय करून या." एमआरआयमध्ये ११ × ८ × ७ सेंमी, स्नायूच्या आत, खोलवर. मग ट्रू-कट बायॉप्सी, म्हणजे जाड सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणी. रिपोर्ट: अनडिफरेन्शिएटेड प्लिओमॉर्फिक सार्कोमा, म्हणजे स्नायू-चरबीसारख्या मऊ भागांतला एक कॅन्सर, ग्रेड ३, सगळ्यात आक्रमक. छातीचा सीटी स्वच्छ आहे, तेवढाच काय तो दिलासा.

आता घोळ असा. एका ठिकाणी वेगवेगळ्या डॉक्टरांच्या बोर्डात चर्चा होऊन ठरलं की आधी केमोच्या तीन सायकल (फेऱ्या), एपिरुबिसिन आणि आयफॉस्फामाइड, मग ऑपरेशन, शिवाय रेडिएशन. दुसऱ्या ठिकाणचे तितकेच नावाजलेले डॉक्टर म्हणतात, केमोने या आजारात फायदा होतो हे पक्कं सिद्ध झालेलं नाही. ऑपरेशन आणि रेडिएशन करा, केमो पुढे लागलीच तर बघू. दोघंही शांतपणे, वेळ देऊन बोलले. एक जण जरी तुसडा असता तरी निर्णय सोपा झाला असता!

आई 'केमो' ऐकल्यापासून देवघरातून हलत नाही. भाऊ म्हणतो, "तू शिकलेली आहेस, तू ठरव." मी बँकेत आहे हो, मला यातलं काय कळणार. कुणी यातून गेलं असेल, किंवा या क्षेत्रात असेल, तर कृपया लिहा.

काढे, लेप, चुंबक नकोत. हात जोडून सांगते.

निसर्गमित्र७७

(प्रतिसाद काढून टाकला आहे.)

संपादक मंडळ

वरचा प्रतिसाद संपादित केला आहे. धागाकर्तीने शेवटच्या ओळीत काय लिहिलंय ते वाचून मगच टंका.

यॉर्कर

कृष्णाकाठ, मी मूळची साताऱ्याची. इंग्लंडमध्ये एका सार्कोमा युनिटमध्ये मेडिकल ऑन्कॉलॉजी करते. तुमच्या भावाला मी तपासलेलं नाही, तेव्हा 'घ्या' किंवा 'घेऊ नका' असं इथे लिहिणार नाही. पण दोन चांगले डॉक्टर दोन वेगळ्या गोष्टी का सांगतात ते सांगू शकते, कारण हाच वाद आमच्याकडेही सतत चालू असतो.

आधी त्या पहिल्या सर्जनना एक नमस्कार सांगा. सार्कोमाची गाठ वरून गोल, गुळगुळीत, आवरण असल्यासारखी दिसते. सोलून काढण्याचा मोह होतो. ते आवरण खोटं असतं, त्याच्यातच पेशी असतात. गाठ सोलून काढली की पेशी आजूबाजूला राहतात आणि पुढचं ऑपरेशन दुपटीने मोठं होतं. बायॉप्सीची सुईसुद्धा अशा जागी टोचावी लागते, की नंतर तो मार्ग गाठीबरोबरच कापून काढता येईल.

आता धोक्याचं. तीन गोष्टी बघतात: ग्रेड, आकार, खोली. ग्रेड ३, ५ सेंमीपेक्षा मोठी, स्नायूवरच्या पडद्याच्या आत. भावाच्या रिपोर्टात दुर्दैवाने तिन्ही आहेत. ऑपरेशन आणि रेडिएशनने मांडीतला आजार बहुतेकदा आटोक्यात येतो. प्रश्न मांडीचा नसतो, फुफ्फुसांचा असतो. अशा रुग्णांपैकी साधारण निम्म्यांमध्ये पुढे तो दुसरीकडे पसरतो, आणि पहिली जागा बहुतेक फुफ्फुसं. आज सीटी स्वच्छ आहे याचा अर्थ डोळ्यांना दिसेल एवढं काही नाही, इतकाच. केमोचा सगळा खटाटोप त्या न दिसणाऱ्या पेशींसाठी आहे.

तो खटाटोप किती यशस्वी होतो? १९९७ मध्ये १४ चाचण्यांमधल्या १५६८ रुग्णांची माहिती एकत्र करून तपासली गेली. ऑपरेशननंतर डॉक्सोरुबिसिन (एपिरुबिसिनचं सख्खं भावंड) असलेली केमो दिली, तर दहा वर्षांनंतर आजार न उलटलेले लोक शंभरात १० जास्त. पण जिवंत असलेले फक्त ४ जास्त, आणि तो फरक योगायोगानेही पडू शकला असता. २००८ मध्ये आणखी चाचण्या धरून पुन्हा हिशोब झाला, १८ चाचण्या, १९५३ रुग्ण. त्यात डॉक्सोरुबिसिनच्या जोडीला आयफॉस्फामाइड असलेल्यांमध्ये मृत्यू शंभरात ११ कमी दिसले. सगळे खूश झाले. मग २०१२ मध्ये युरोपातली मोठी चाचणी आली, ३५१ रुग्णांची, याच दोन औषधांची. पाच वर्षांनी जिवंत असलेले केमोवाले ६६.५ टक्के, बिनकेमोवाले ६७.८ टक्के. म्हणजे काही फरक नाही.

तुमचे दुसरे डॉक्टर हा आकडा धरून बोलताहेत, आणि तो खरा आहे.

पण त्या चाचणीत कोण होते बघा. गाठ कितीही लहान चालत होती, ग्रेड २ चालत होता, जागा कुठलीही चालत होती. आणि आयफॉस्फामाइड होतं दर चौरस मीटरला ५ ग्रॅम. तुमच्या भावाला सुचवलेल्या पद्धतीत ते ९ ग्रॅम असतं. भावाच्या शरीराचं क्षेत्रफळ समजा १.७ चौरस मीटर धरलं, तर एका सायकलला एकीकडे साडेआठ ग्रॅम, दुसरीकडे पंधरा ग्रॅमच्या वर. नाव तेच, औषध वेगळंच म्हणायला हवं.

नंतर मिलानच्या मंडळींनी वयाची, आकाराची, ग्रेडची आणि प्रकाराची माहिती घालून प्रत्येकाचा धोका काढणारं 'सार्क्युलेटर' नावाचं गणित बनवलं आणि ते याच चाचणीतल्या हातापायाच्या आणि धडाच्या भिंतीतल्या गाठींवर चालवून पाहिलं. ज्यांची दहा वर्षं जगण्याची शक्यता ६० टक्के किंवा त्याहून कमी निघाली, त्यांच्यात केमो घेतलेल्यांचा मृत्यूचा धोका निम्म्याच्या आसपास होता. ज्यांचा धोका मुळात कमी, त्यांना केमोने फक्त त्रास झाला. सरासरी काढताना हे दोन गट एकमेकांचा परिणाम खाऊन टाकत होते.

बाकीचं उद्या लिहिते. नाइट आहे.

पायवाट

वाचते आहे. वाचनखूण साठवली. यॉर्कर, अजून लिहा.

शंकासुर

यॉर्करताई, छान लिहिताय, पण संख्याशास्त्रवाला म्हणून माझा हात शिवशिवतोय. झालेल्या चाचणीत नंतर गट पाडून 'या गटात मात्र फायदा दिसला' म्हणणं हा जुना खेळ आहे. शंभर चाळण्या लावल्या की एकीत तरी खडा सापडतोच. ६० टक्क्यांची रेघ आधी ठरवली होती की नंतर?

यॉर्कर

रास्त प्रश्न. ते विश्लेषण नंतरचंच आहे, आणि म्हणून एकट्या त्याच्यावर मी कुणाला केमो देणार नाही. त्याच्या जोडीला इटालियन मालिका बघायला लागते.

२००१ मध्ये इटलीत १०४ रुग्णांची छोटी चाचणी झाली, फक्त मोठ्या, खोल, वरच्या ग्रेडच्या गाठी. ऑपरेशननंतर पूर्ण ताकदीचं एपिरुबिसिन आणि आयफॉस्फामाइड, पाच सायकल. फरक इतका दिसला की भरती मध्येच थांबवली. २०१२ मध्ये त्यांनीच दाखवलं की ऑपरेशनआधी तीन सायकल दिल्या तर नंतरच्या आणखी दोन देऊन काही वाढीव मिळत नाही. तुमच्या भावाच्या 'तीन सायकल' तिथून आल्या.

मग इटलीतले सार्कोमा सर्जन ग्रोंकी आणि मंडळींची चाचणी. इटली, स्पेन, फ्रान्स, पोलंड, एकूण ३२ रुग्णालयं. कल्पना सुंदर होती. सार्कोमाचे ७० हून अधिक प्रकार, तर सगळ्यांना एकच केमो कशाला? प्रत्येक प्रकाराला त्याचं वेगळं औषध द्या. प्लिओमॉर्फिकला जेमसिटाबिन आणि डोसेटॅक्सेल, मिक्सॉइड लायपोसार्कोमाला ट्रॅबेक्टेडिन, सायनोव्हियलला जास्त डोसचं आयफॉस्फामाइड, असं. समोरच्या गटाला तीच जुनी जोडी. २८७ रुग्ण. निकाल उलटा लागला! जुनी जोडी जिंकली. २०२० च्या अंतिम हिशोबात पाच वर्षांनी जिवंत ७६ टक्के विरुद्ध ६६ टक्के.

शंकासुर

पण यात केमो न घेतलेला गटच नाही. अ हे ब पेक्षा चांगलं, एवढंच सिद्ध झालं. कदाचित ब वाईट असेल!

यॉर्कर

हो, आणि विरोधक नेमकं हेच म्हणतात. माझं उत्तर असं की जर केमोने काहीच होत नसेल, तर दोन केमोंमध्ये जगण्याचा फरक यायला नको. नवी औषधं इतकी घातक होती की त्यांनी लोक मारले, असं म्हणायला आधार नाही. पण हा तर्क आहे, थेट पुरावा नाही. म्हणूनच युरोपातली मार्गदर्शक तत्त्वं 'सरसकट द्या' म्हणत नाहीत. जास्त धोक्याच्या रुग्णाशी बोलून, त्याला समजावून, सुचवता येईल, असं म्हणतात. इथे ब्रिटनमध्ये आम्ही अजूनही बऱ्यापैकी हात राखून आहोत. मिलानमध्ये असते तर भावाला बहुधा केमो मिळाली असती, इकडे अर्ध्या जणांनी दिली असती, अर्ध्यांनी नाही. हे ऐकायला बरं वाटत नाही, माहितीये मला.

माझं मत? ४१ वर्षांचा, किडनी आणि हृदय ठणठणीत, ग्रेड ३, ११ सेंमी, खोल, आणि केमोला दाद देऊ शकेल असा प्रकार. असा माणूस समोर बसला तर मी केमोचा विषय स्वतःहून काढेन आणि जरा जोर लावून काढेन. सत्तरीच्या, एक किडनी कमजोर असलेल्या माणसाला तीच गाठ असेल तर काढणार नाही.

लंगडीपटू

आयडीवरून कळलंच असेल. गुडघ्याच्या मागे सायनोव्हियल सार्कोमा. केमो, रेडिएशन, ऑपरेशन, सगळं परळला टाटामध्ये. आता चालतो, जिने चढतो, फक्त उकिडवं बसता येत नाही.

आकडे वर आलेच आहेत, मी आतली गोष्ट सांगतो. एपिरुबिसिन लालभडक असतं, नळीतून येताना दिसतं. दुसऱ्या दिवशी लघवी लालसर झाली की घाबरायचं नाही, ते औषधच असतं. खरी परीक्षा आयफॉस्फामाइडची. ते मूत्राशय सोलून काढतं, म्हणून त्याच्याबरोबर मेस्ना नावाचं औषध आणि सलाइनवर सलाइन. मला एक प्लास्टिकचं मोजपात्र आणि वही दिली होती. किती प्यायलो, किती गेली, वेळ घालून लिहायचं. रात्रीसुद्धा. बायकोने त्या वहीला चित्रगुप्ताची वही नाव दिलं होतं. लघवी कमी वाटली किंवा रक्ताची धार दिसली की लगेच नर्सला सांगायचं, सकाळपर्यंत थांबायचं नाही.

एका सायकलमध्ये मी दुपारी बायकोला आईच्या नावाने हाक मारायला लागलो आणि गिरणी सुटायची वेळ झाली म्हणून उठायला लागलो. आमच्या घरात गिरणीत कोणीच कामाला नव्हतं! आयफॉस्फामाइड डोक्यात जातं कधीकधी. डॉक्टरांनी औषध थांबवलं, उतारा दिला, दुसऱ्या दिवशी मी जागेवर. मला काही आठवत नाही, पण बायको रडकुंडीला आली होती. म्हणून सांगतो, सोबतच्या माणसाला हे आधी सांगून ठेवा. रुग्ण असंबद्ध बोलायला लागला, फार गुंगीत गेला, तर 'थकलाय, झोपू दे' करू नका.

केस गेले, तोंड आलं, जिभेची चव गेली. ताक-भात आणि गार कलिंगड तेवढं जायचं. केस परत आले, आधीपेक्षा दाट. हा एकमेव फुकटचा फायदा.

राहायची सोय: दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन. जागा मिळायला वेळ लागतो, आधीच हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात नाव घाला. रेल्वेला हॉस्पिटलच्या दाखल्यावर स्लीपर आणि थ्री एसीत रुग्णाचं तिकीट लागत नाही, सोबत्यालाही मोठी सवलत असते.

कृष्णाकाठ

लंगडीपटू, वाचताना हसू पण आलं आणि पोटात गोळाही. वहिनीला तुमचा प्रतिसाद फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, मोजपात्र आपण घरूनच नेऊ.

वर्धेची_सायली

मी लिहू की नको असा विचार करत होते. दुसरी बाजूही असू द्या.

माझ्या नवऱ्याला मांडीतच होता, लायोमायोसार्कोमा. आधी एका छोट्या हॉस्पिटलात लायपोमा (चरबीची साधी गाठ) म्हणून काढून टाकला होता, बायॉप्सी नाही, एमआरआय नाही. टाके निघाल्यावर रिपोर्ट आला. मग मोठ्या ठिकाणी गेलो. केमो दिली. दुसऱ्या सायकलनंतर एमआरआयमध्ये उरलेली गाठ वाढलेली निघाली. केमो थांबवून ऑपरेशन केलं. दीड वर्षाने फुफ्फुसांत आला. तो आता नाही.

केमोमुळे गेला असं मी म्हणत नाही. पण ते दीड-दोन महिने उलट्यांमध्ये गेले आणि हाती काही लागलं नाही, हे कुणीतरी आधी स्पष्ट सांगायला हवं होतं, की असंही होऊ शकतं. आम्हाला सगळ्यांनी फक्त 'होईल बरं' सांगितलं.

यॉर्कर

सायली, लिहिलंत ते फार बरं केलंत.

कृष्णाकाठ, हे भावाच्या डॉक्टरांना थेट विचारा: केमो चालू असताना गाठ वाढली तर काय करायचं ठरलंय? चांगल्या बोर्डाकडे याचं उत्तर आधीच तयार असतं. पहिल्या किंवा दुसऱ्या सायकलनंतर तपासणी, आणि खरोखर वाढतेय दिसलं तर लगेच ऑपरेशनकडे वळायचं. थोडी वाढ मात्र फसवी असू शकते. आतल्या पेशी मेल्या, रक्तस्राव झाला, तरी गाठ फुगते. म्हणून नुसती टेपने मांडी मोजून घाबरू नका, आणि नुसता आकार बघून निष्कर्षही काढू नका. एमआरआय वाचणारा माणूस सार्कोमातला हवा.

दुसरं म्हणजे प्रकार. लायोमायोसार्कोमावर आयफॉस्फामाइड फारसं चालत नाही, सायनोव्हियल आणि मिक्सॉइड लायपोसार्कोमा चांगली दाद देतात, प्लिओमॉर्फिक मधे कुठेतरी. म्हणून भावाच्या बायॉप्सीच्या तुकड्याचे ब्लॉक आणि स्लाइड सार्कोमा बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा वाचून घ्या. दुसऱ्या वाचनात निदानाचं नाव किंवा ग्रेड बदलणं या आजारात मुळीच दुर्मिळ नाही. ते बदललं तर सगळी चर्चाच बदलेल.

गोळीवाला

औषध दुकान आहे म्हणून पैशांचं लिहितो. एपिरुबिसिन, आयफॉस्फामाइड, मेस्ना, तिन्ही जुनी औषधं, जेनेरिक मिळतात. खर्च औषधांपेक्षा भरती, तपासण्या आणि पांढऱ्या पेशी वाढवायच्या इंजेक्शनवर होतो. ते इंजेक्शन या डोसला टाळायचं नाही. ते फ्रिजमध्ये ठेवायचं असतं, वाळव्यापर्यंत न्यायचं तर बर्फाच्या पेटीतून न्या.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन तिन्ही बसतं, आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण हॉस्पिटल योजनेतलं हवं आणि मंजुरी उपचार सुरू करायच्या आधी. हॉस्पिटलात आरोग्यमित्राचा टेबल असतो, रेशन कार्ड आणि आधार घेऊन पहिल्या दिवशी तिथे जा, बिल झाल्यावर नव्हे. रेशन कार्डावर भावाचं नाव नीट आहे ना, बघून घ्या. निम्मी प्रकरणं तिथेच अडकतात.

लंगडीपटू

एक राहिलं, जरा नाजूक आहे. भावाला आणखी मूल हवं असण्याची शक्यता असेल तर केमोच्या आधी वीर्य साठवून ठेवा. आयफॉस्फामाइडने कायमचं नुकसान होऊ शकतं. हे मला विचारलं होतं तेव्हा आई बाजूलाच बसलेली, मी लाजून 'नको' म्हणणार होतो. बायकोने परस्पर 'हो' सांगितलं. तेव्हा हा विषय ताईने नाही, वहिनीने काढलेला बरा.

पायवाट

मी फिजिओ आहे, पायाबद्दल लिहिते. लोकांना सगळ्यात मोठी धास्ती पाय जाण्याची असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेतल्या स्टीव्हन रोझेनबर्ग यांच्या गटाने १९८२ मध्ये फक्त ४३ रुग्णांची चाचणी छापली होती, काहींचा पाय किंवा हात कापला, काहींचा वाचवून रेडिएशन दिलं. जगण्यात फरक पडला नाही. तेवढ्याशा चाचणीने जगभरचे पाय वाचले. आज मांडीच्या सार्कोमात पाय कापायची वेळ क्वचित येते.

मात्र मागच्या बाजूच्या मांडीत एखादा स्नायू जवळजवळ अख्खा जाऊ शकतो. ऑपरेशनच्या आधीच फिजिओला भेटा. पुढचा स्नायू आणि कंबर आधी मजबूत केली तर नंतर चाल लवकर येते. आणि रेडिएशन आधी की नंतर हेही विचारा. आधी दिलं तर डोस कमी लागतो, साधारण २५ दिवस, पण जखम भरायला त्रास होण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट. कॅनडातल्या चाचणीत ३५ टक्के विरुद्ध १७ टक्के होतं. नंतर दिलं तर डोस जास्त आणि पाय कायमचा आखडण्याची भीती जास्त. शेतकऱ्याला कुठलं परवडेल, ते त्यालाच विचारा.

शंकासुर

अवांतर: हल्ली पेपरात 'केमोची गरज नाही, इम्युनोथेरपी आली' असं येतं. सार्कोमात काही आहे का?

यॉर्कर

अगदी अवांतर नाही. प्लिओमॉर्फिक सार्कोमा आणि काही लायपोसार्कोमांमध्ये ऑपरेशनआधीच्या रेडिएशनला पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध जोडून बघितलं. २०२४ मध्ये निकाल आला, दोन वर्षांनी आजारमुक्त ६७ टक्के विरुद्ध ५२ टक्के. आशादायक आहे. पण त्या चाचणीत केमो कुणालाच नव्हती, त्यामुळे केमोऐवजी हे चालेल असं त्यातून ठरत नाही. आणि किंमत भारतातल्या शेतकऱ्याला विचारण्यासारखी नाही.

हे सगळं प्रौढांच्या हातापायातल्या नेहमीच्या सार्कोमांबद्दल आहे हं. मुलांमधला रॅब्डोमायोसार्कोमा किंवा युइंग असेल तर केमो हा वादाचा विषयच नाही, ती लागतेच. पोटाच्या मागच्या भागातल्या सार्कोमाचं गणित पुन्हा वेगळं. आपापल्या नातेवाइकाला हा धागा जसाच्या तसा लावू नका.

कृष्णाकाठ

धागा वर काढते आहे. मध्ये धावपळ चालू होती, माफी.

ब्लॉक पुन्हा वाचून घेतले, निदान आणि ग्रेड तेच राहिले. हृदयाचा टूडी इको आणि किडनीचं क्रिएटिनिन नॉर्मल. तुमच्या सगळ्यांच्या प्रतिसादांवरून प्रश्न काढून कागदावर लिहून नेले होते. डोस किती, गाठ वाढली तर काय, एमआरआय कधी, रेडिएशन आधी की नंतर. बोर्डातल्या मॅडमनी कागद हातात घेतला आणि एकेक वाचून उत्तर दिलं. डोस पूर्ण, दुसऱ्या सायकलनंतर एमआरआय, वाढली तर थेट ऑपरेशन. रेडिएशन नंतर. सार्क्युलेटरवर त्यांनी आमच्यासमोर आकडे घातले. आलेली टक्केवारी मी इथे लिहीत नाही, पण ती यॉर्करताईंनी सांगितलेल्या रेघेच्या खालच्या बाजूला होती.

मग दुसऱ्या डॉक्टरांनाही पुन्हा भेटलो. तोच कागद दाखवला. ते म्हणाले, "मी घेतली नसती असं नाही, मी एवढंच म्हणतो की खात्री देता येत नाही." म्हणजे दोघांत वाटलं तेवढं अंतर नव्हतं. सायलीताई, तुमचं सगळं मी भावाला जसंच्या तसं सांगितलं, काहीही लपवलं नाही. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "लागणीनंतर तण उगवायच्या आधीच फवारतो की आपण. रानात दिसत काही नसतं तेव्हा. कधी तण आलंच नसतं, कधी फवारूनही येतं. पण मी फवारायचा सोडतो का?"

त्याने स्वतःच हो म्हटलं. मला तेवढंच हवं होतं, मी ठरवलं असं नको होतं. वहिनीने ती नाजूक गोष्टही परस्पर मार्गी लावली. आईला सांगितलंय की ही केमो आजार गेल्यावर परत येऊ नये म्हणून आहे. तिने अंगारा दिलाय, तो बॅगेत आहे.

पहिली सायकल झाली. गडी एकदम गळून गेलाय, पण डोकं ठिकाणावर आहे. वहिनी दर दोन तासांनी त्याला पंतप्रधानांचं नाव विचारते, तो वैतागतो.

एकच अडचण. घरी आल्यावर चौथ्या दिवशी त्याने विचारलं, "रानात जाऊन येऊ का?" ऊसतोड तोंडावर आहे, टोळी ठरवायची आहे. डिस्चार्ज कार्डावर 'गर्दी टाळा' एवढंच लिहिलंय. रानात कुठली गर्दी, असं त्याचं म्हणणं!

यॉर्कर

पांढऱ्या पेशी साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात सगळ्यात खाली असतात. त्या दिवसांत रानात नको. टोळीशी बोलणं फोनवर होईल. एरवी संध्याकाळी बांधावरून चालून आला तर चांगलंच आहे, पायात बूट घालून. शेणखत, गोठा, कुजलेला पाचोळा, हळदीची माती, यांना तिन्ही सायकल होईपर्यंत हात लावायचा नाही, बुरशीचा धोका असतो. उसाच्या पात्याने कापलं तरी साधी गोष्ट म्हणून सोडायची नाही.

घरात थर्मामीटर आहे ना? १००.४ किंवा वर गेला तर क्रोसिन देऊन वाट बघायची नाही, रात्री दोन वाजले तरी गाडी काढायची. इस्लामपूर, सांगली, मिरज, यातलं कुठलं हॉस्पिटल रात्री भरती करून नसेतून अँटिबायोटिक सुरू करेल ते आजच विचारून ठेवा, आणि केमोचा कागद गाडीतच ठेवा.

कृष्णाकाठ

थर्मामीटर पाऱ्याचा आहे, तो त्याला वाचता येत नाही. उद्या डिजिटल पाठवते. मिरजेला विचारून ठेवलं. टोळीच्या मुकादमाला मी फोन करणार आहे, भाऊ म्हणतो, "ताई, उचल किती द्यायची ते मात्र मला विचार, बँकेवाल्यांना ते कळत नाही."

गोळीवाला

डिजिटलचे दोन पाठवा. एकाचा सेल नेमका रात्री जातो.